ती बाई कोणाकडची होती?

नमस्कार मंडळी. या सदराचा मी जुना वाचक आहे, पण खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचणारा. कोणाला पिंपळाखाली पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कोणाला घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा भेटतो... मी हे बायकोला मोठ्यानं वाचून दाखवतो आणि आम्ही दोघं मिळून त्यातल्या चुका काढतो. अकोल्यात माझे गणिताचे क्लासेस आहेत. सिद्धता मांडल्याशिवाय मी पोरांना अर्धा मार्क देत नाही, तो भुताला कुठून देणार?

तरी आज लिहितोय, आणि तेही टोपणनावानं. कारण सांगतो. मला मिरगी आहे. अपस्मार, फिट, फेफरं, आकडी... जे म्हणायचं ते म्हणा. आणि मिरगीच्या पेशंट लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप मी काढलाय. त्या ग्रुपचं निम्मं काम म्हणजे लोकांना पटवून देणं, की बाबांनो, हे भूत नाही, लागीर नाही, बाहेरचं काही नाही. हा मेंदूचा आजार आहे आणि त्याला गोळी आहे. आता अशा ग्रुपच्या ॲडमिननं 'मला अमानवीय अनुभव आला' असं खऱ्या नावानं लिहिलं तर काय होईल? निम्मे लोक ग्रुप सोडतील आणि उरलेले गोळ्या सोडतील. म्हणून टोपणनाव. गावं खरी आहेत, माणसांची नावं बदललीत.

ग्रुपचं नाव आहे 'गोळी घेतली का?' अकोला-अमरावतीकडची मंडळी आणि एखाद-दुसरा वाट चुकलेला पुणेकर. रोज जेवणं झाली की मी विचारायचं, 'गोळी घेतली का?' आणि सगळ्यांनी एकामागून एक 'घेतली' लिहायचं. ज्याचं 'घेतली' आलं नाही त्याला फोन. एका पुणेकर सदस्यानं एकदा लिहिलं, की 'विचारण्याचा सूर जरा दरडावल्यासारखा वाटतो.' त्यावर फरहाना आपांनी उत्तर दिलं, 'आमच्याकडे यालाच प्रेम म्हणतात, भाऊ.' आपा म्हणजे ग्रुपच्या दुसऱ्या ॲडमिन. उर्दू शाळेत शिकवतात. त्यांच्या मुलाला फिट येतात.

ग्रुपची आणखी एक रीत म्हणजे सोबत. आपल्याकडे डॉक्टर पेशंटशी बोलतच नाहीत. 'पेशंटबरोबर कोण आहे?' असं पेशंटच्या डोक्यावरून विचारतात. म्हणून कोणी एकटं दवाखान्यात निघालं की ग्रुपमधलं एक जण नातेवाईक बनून बरोबर जातं. मी आजवर कितीतरी लोकांचा मावसभाऊ नाहीतर भाचेजावई होऊन केबिनमध्ये बसलोय. आपा एकदा कुळकर्णी आजोबांची मुलगी म्हणून बसल्या होत्या. डॉक्टर एकदा आजोबांच्या जानव्याकडे बघायचे, एकदा आपांच्या बुरख्याकडे बघायचे... पण विचारलं काही नाही. नात्याबद्दल तोंडावर विचारणं वाईट दिसतं, हे आमच्याकडे डॉक्टरांनाही कळतं. पुढचं सगळं रामायण याच सभ्यपणामुळे झालं.

त्या साली कापसाच्या बोंडात अळी निघाली होती. अकोल्याचा बाजार दुपारीच ओस पडायचा, माझ्या क्लासची पोरं कमी झाली आणि ठरलेली लग्नं पुढच्या वर्षावर गेली. लग्नं पुढे गेली की बँडवाले बसून राहतात. पातूरचे दिगांबरभाऊ हे असेच बसून राहिलेले बँडमास्तर. माणूस मनाचा मऊ, पण ट्रम्पेट वाजवून वाजवून आवाज असा झालेला की 'पाणी घ्या' म्हणाले तरी आपण दचकतो.

त्यांची मुलगी वैष्णवी आमच्या ग्रुपमध्ये होती. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. फारशी बोलायची नाही, पण 'घेतली' न चुकता लिहायची. गोळ्यांनी फिट थांबल्या. फिट थांबल्या म्हणून घरच्यांना वाटलं आजार गेला, म्हणून गोळ्या बंद केल्या, म्हणून फिट परत आली. इथवर नवीन काही नाही. हे आमच्या ग्रुपमध्ये दर महिन्याला कोणाकडे तरी घडतं. पण यावरून दिगांबरभाऊंनी निष्कर्ष काढला की गोळ्यांनी गुण येत नाही, म्हणजे बाहेरचंच आहे. हा पेपर मी तपासला असता तर शून्य दिलं असतं.

एका दुपारी क्लास चालू असताना वैष्णवीचा मेसेज आला. 'सर, पप्पानं गोळ्या नालीत फेकल्या. उद्या मले महाराजाकडे नेऊन राहिले. बरी होईपर्यंत तठीसाच ठेवू म्हणते. काही करा.'

मी क्लास सोडून दिला. मी आठवीत होतो तेव्हा मलाही असंच नेलं होतं. तांबड्या मिरच्यांची धुरी आणि वरून घोंगडी. डोळे गेले असं वाटत होतं, मी ओरडत होतो, आणि बाहेरून घोंगडीची टोकं दाबून धरली होती ती माझ्या आईनं. जिनं मला जन्मात चापट मारली नाही, ती रडत रडत टोकं दाबत होती. मला तिचा राग कधीच आला नाही. तिला सांगायला कोणी आलं नव्हतं, एवढंच. हा ग्रुप काढला तो त्यामुळे.

आपांना फोन केला. त्या शाळेतून थेट स्टँडवर आल्या आणि आम्ही पातूरची एसटी धरली. (मला गाडी चालवायला मनाई आहे. आमच्या घरची स्कूटर बायको चालवते आणि मी मागे बसतो. अकोलेकर यावर हसून हसून आता थकलेत.)

दिगांबरभाऊंच्या दारात दोरीवर बँडचे लाल कोट वाळत घातले होते आणि आत बसायच्या खोलीत ढोलांच्या मधून वाट काढत जावं लागत होतं. तिथे दोन फळ्या पडलेल्या होत्या. एका बाजूच्या खाटेवर दिगांबरभाऊ आणि त्यांची वहिनी, म्हणजे वैष्णवीची मोठी काकू. समोरच्या खुर्चीवर वलगावहून आलेले वैष्णवीचे मामा. दिगांबरभाऊंच्या लग्नात या मामांना फेटा बांधायचा राहून गेला होता. तेव्हापासून साळा-मेहुणा एकमेकांशी बोलत नव्हते. भाचीसाठी मामा आले होते खरे, पण बोलणं सगळं वैष्णवीच्या आईमार्फत, म्हणजे शोभाताईंमार्फत.

"शोभे, सांग तुह्या नवऱ्याले, टेकडीवाल्या महाराजाकडं काही गुण येत नाही. आमच्याकडचा नदीवरचा भगत पक्का हाय."

"शोभा, तुह्या भावाले म्हन, टेकडीवाल्याकडं अमरावतीहून लोक येते."

दोघांमध्ये चार फुटांचं अंतर. शोभाताई पदर तोंडाला लावून एकदा इकडे बघतायत, एकदा तिकडे. कोपऱ्यात वैष्णवी भिंतीला टेकून बसलेली, डोळे सुजलेले. मला वाटलं होतं की भांडण न्यायचं की नाही यावर असेल. भांडण कोणाकडे न्यायचं यावर होतं. त्या भांडणामुळेच पोरीचं जाणं उद्यावर गेलं होतं.

मी माझं भाषण सुरू केलं. मेंदू, त्यातली वीज, शॉर्ट सर्किट... मोबाईलवर चित्रंही दाखवली. दिगांबरभाऊ प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते.

"सर, तुमी म्हंता ते बराबर हाय..."

या वाक्यानंतर 'पण' येतो. इतक्या वर्षांत न आलेला मी पाहिलेला नाही.

"पण एक डाव महाराजाले दाखवाले काय हरकत हाय?"

एवढ्यात आतून एक बाई चहाचा ट्रे घेऊन आली. साठीच्या आसपासची, बुटकी, अंगानं भरलेली. पोपटी नायलॉनची साडी आणि चष्म्याच्या एका काडीला गुंडाळलेला दोरा. सगळ्यांना चहा दिला, स्वतःचा कप घेऊन ढोलाला टेकून खाली बसली आणि बशीत ओतून फुर्रर्र आवाज करत प्यायला लागली. मला वाटलं घरातली असेल. मी 'थँक्यू काकू' म्हणालो.

आणि तेवढ्यात वैष्णवीला फिट आली.

आता एक गोष्ट सांगतो, जी आमच्या ग्रुपलाही माहीत नाही. मला जन्मात कितीतरी फिट आल्या, पण मी फिट कधी पाहिली नव्हती. पाहणार कसा? माझी चालू असते तेव्हा मी नसतो. फिट आल्यावर काय करावं याचे मेसेज मी लिहितो, सगळ्या ग्रुपला पाठ करायला लावतो, आणि त्या दिवशी समोर पोरगी आखडताना बघून मी हातात कप धरून पुतळा झालो. 'म्हणजे हे असं दिसतं... माझ्या आईनं हे बघितलं' एवढंच डोक्यात.

बाकीचे पुतळे झाले नाहीत, ते पळाले. काकू चप्पल आणायला, मामा कांदा आणायला, दिगांबरभाऊ दातखीळ उघडायला चमचा शोधायला. तिघं दारात एकमेकांवर आदळले.

"खबरदार कोनी हात लावला तं!"

ती पोपटी साडीवाली बाई. आवाज असा की दिगांबरभाऊ जागच्या जागी थांबले. तिनं वैष्णवीला एका कुशीवर वळवलं, डोक्याखाली बँडचा एक घडी केलेला कोट सरकवला, शेजारचा ढोल पायानं दूर ढकलला आणि मांडी घालून बसली. "होऊ द्या. आपोआप थांबते. तोंडात काही कोंबू नका, तुमच्या चपला तुमी घाला." मग वैष्णवीकडे वळून अगदी हळू, "हाव माये, हाव. मी हाय इथीसा."

थांबली. सगळ्या थांबतात तशी. वैष्णवी झोपी गेली आणि शोभाताई तिच्या पायाशी बसून पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या.

"आता आयका," बाई म्हणाली. "मले लग्नाच्या आदीपासून मिरगी हाय. हे पाहा." तिनं हात पुढे केला. मनगटापासून वरपर्यंत भाजल्याचा जुना डाग. "चुलीवर पडली होती. तीन बाबा केले म्या. पयल्यानं मिरच्याची धुरी देल्ली. दुसऱ्यानं जोड्यानं हानलं. तिसऱ्यानं कोंबडे मांगतले, एक झाला का दुसरा. कोंबडे सरले, मिरगी तशीच. मंग गोळी सुरू केली. गोळीनं आजपावतर मले कोंबडा मांगतला नाही."

मामांना हसू फुटलं, त्यांनी ते खोकल्यात घातलं.

"आन् तुमी हो, बँडवाले! वरात निंघाली आन् अर्ध्या रस्त्यात बाजा बंद केला तं नवरदेव पोहोचते का मांडवात? गोळी तशीच हाय. मधातच बंद करून म्हंता का गुण येत नाही."

"नाही, पन..." दिगांबरभाऊ.

"आन् पोट्टीचं लगन करान तं लपवू नका. सांगा, मिरगी हाय, रोज गोळी घेते. ज्याले करायची थो करीन."

 आणि मग जे झालं ते माझ्या मेंदूच्या चित्रांनी सात जन्मात झालं नसतं. दिगांबरभाऊंनी तिच्याकडे बघितलं आणि मनात म्हटलं की ही सासुरवाडीची कोणी वडीलधारी. हिचा शब्द मोडला तर फेट्याचं जुनं भांडण परत पेटेल. मामांनी तिच्याकडे बघितलं आणि मनात म्हटलं की ही बहिणीच्या सासरची थोरली आत्या. आपण जावयाच्या घरात बसून हिला नाही कसं म्हणायचं?

"मावशी म्हनून राहिल्या तं..." दिगांबरभाऊ म्हणाले.

"आत्याबाईच म्हनून राहिल्या तं..." मामा म्हणाले.

एक मावशी म्हणतोय, एक आत्याबाई, हे त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आलं नाही. दोन्ही बाबा रद्द झाले. दोघं एकमेकांशी थेट बोलले, माझ्यासमोर, आणि मामाच मेडिकलवर जाऊन गोळ्या घेऊन आले.

आपांनी ग्रुपला दाखवायला फोटो काढला. सगळे आले त्यात. बाई मधोमध, हातात चिवड्याची बशी. सगळे मोबाईलवर फोटो बघायला गोळा झाले तेव्हा बाई म्हणाली, "चूळ भरून येतो," आणि स्वयंपाकघरात गेली.

परतीच्या एसटीत आपा म्हणाल्या, "खालाजान क्या बोलीं! दिगांबरभाऊंच्या घरच्या ना?"

"मला वाटलं शोभाताईंकडच्या," मी म्हणालो. आणि विषय संपला.

महिना दीड महिना गेला. वैष्णवी रोज 'घेतली' लिहीत होती. एक दिवस दिगांबरभाऊंचा फोन आला. "सर, तुमच्या ग्रुपवाल्या मावशीले चोळीचा खन द्यायचा होता. पत्ता द्या."

"आमच्या ग्रुपच्या? त्या तर तुमच्या सासरच्या ना?"

"कोनाच्या सासरच्या? मलेही तसंच वाटलं होतं, पन शोभा म्हंते त्या तुमच्या मांगूनच दारातून आल्या!"

मी मामांना लावला. ते म्हणाले, आमच्याकडची कोणी नाही. काकू म्हणाल्या, आमच्याकडची तर नाहीच, आमच्यात पोपटी रंग कोणी नेसत नाही. मी तो फोटो परत ग्रुपवर टाकून विचारलं, या कोण? कोणीच ओळखेना. 'कृपया ओळख पटवा' म्हणून दुसऱ्या ग्रुपांत पाठवला. चार दिवसांनी तोच फोटो माझ्या नागपूरच्या साळ्याकडून मला परत आला. खाली लिहिलेलं, 'या हरवलेल्या आजींना घरी पोहोचवण्यास मदत करा. पुढे पाठवा.' पुढे पाठवणारे हजार निघाले, ओळखणारा एक नाही. आणि फोटोत बाई म्हणाल तर आपल्यापेक्षा ठसठशीत. धूसर नाही, पारदर्शक नाही. तिचं कोपर माझ्या तोंडावर आलंय, त्यामुळे त्या फोटोत गायब कोणी असेल तर मीच आहे.

इथवर मी शांत होतो. चुकून शेजारच्या घरातली कोणी बाई आली असेल म्हटलं. मग दिगांबरभाऊंनी तातडीनं पातूरला बोलावलं.

मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. "पाहा सर. मांगं दार हाय का?"

नव्हतं. तीन बाजूंना भिंती, एक जाळीची हातभर खिडकी.

"पुढच्या खोलीत आपुन समदे बसेल होतो. मंग ते गेली कुठून?" दिगांबरभाऊंचा आवाज प्रथमच बारीक झाला. "सर... ते मानूस नव्हती. देवी होती. स्वतः चालून आली माह्या घरी!"

मी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी पुढचं सांगितलं. "आता देवीच येऊन गेली म्हटल्यावर पोट्टीले गोळीची काय गरज? आजपासून बंद."

मी वैष्णवीकडे पाहिलं. ती दारात उभी होती, हातात त्या दिवशीची गोळी आणि पाण्याचा पेला. माझ्याकडे बघत होती.

मी आयुष्यभर पोरांना सांगत आलो की उत्तर येत नसेल तर जागा कोरी सोडा, पण खोटं लिहू नका. त्या दिवशी मी म्हणालो, "दिगांबरभाऊ, ती माझी आत्या आहे."

"काय?"

"सख्खी. बडनेऱ्याची. फार भांडकुदळ आहे, म्हणून घरात आम्ही कोणी तिचं नाव काढत नाही. त्या दिवशी न सांगता माझ्या मागे आली. मला लाज वाटली म्हणून बोललो नाही, फोनवरही वेड पांघरलं."

"मंग गेली कुठून?"

"दारातून! तुम्ही सगळे फोटोत डोकी घालून बसला होता. ती तशीच आहे, कोणाला सांगून जात नाही."

दिगांबरभाऊंनी विचार केला. देवी हातची गेल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "नाक तुमच्यासारखंच होतं म्हना," ते शेवटी म्हणाले. वैष्णवीनं गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्यायली.

खोटं बोलणं सोपं, ते पाळणं अवघड. दिवाळीला आत्यासाठी लुगडं आलं. संक्रांतीला तीळगूळ. 'आत्याले फोन द्या' म्हटलं की मी म्हणायचो, ती देवदर्शनाला गेलीय. माझी बायको मीनल हे सगळं बघून पोट धरून हसायची. तिनं ते लुगडं कपाटात जपून ठेवलं आणि येता-जाता विचारायची, "मग? आत्याबाई काय म्हणतात?"

दोन-अडीच वर्षं अशी निभावली. वैष्णवी अकोल्यात नर्सिंगला आली, फिट नाहीत. मग तिचं लग्न ठरलं. मुलाकडच्यांना आजाराचं आधीच सांगितलं, लपवलं नाही. आणि दिगांबरभाऊंचा फोन आला, की पहिली अक्षता आत्याच टाकेल; बडनेऱ्याला जीप पाठवतो, घर कुठं आहे ते सांगा फक्त.

माझ्यासमोर दोनच रस्ते होते, आणि मी घाईत जो धरला तो वाईट होता. "आत्या गेली," मी म्हणालो. "मागच्या आठवड्यात."

 पलीकडून ट्रम्पेटसारखा हुंदका आला.

दुसऱ्याच दिवशी दिगांबरभाऊ, शोभाताई आणि वैष्णवी आमच्या दारात, भेटायला. मीनलला मी आत्याला मारल्याचं सांगितलंच नव्हतं. ती स्वयंपाकघरात गाणं गुणगुणत भजी तळत होती. घरभर खमंग वास. दिगांबरभाऊ दारात थबकले.

"आत्याला भजी फार आवडायची..." मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

झालं, भाऊ गहिवरून माझ्या गळ्यातच पडले. "असं मानूस होणं नाही, सर. माह्या पोट्टीचं सोनं करून गेली..." आणि मंडळी, लाज वाटते सांगायला, पण मीही रडलो. नाटक म्हणून सुरुवात केली आणि मग थांबताच येईना. जी आत्या मला कधी नव्हतीच तिच्यासाठी, आणि आठवीतल्या त्या घोंगडीखालच्या पोरासाठी, ज्याच्याकडे अशी कोणी आली नव्हती. मीनल झारा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, तिचं हसू कुठल्या कुठे गेलं.

निघताना आई-बाप पुढे गेले. वैष्णवी चपला घालायला मागे राहिली.

"सर," ती हळूच म्हणाली, "त्या मेल्या नाहीत."

"मला माहीत आहे गं," मी म्हणालो. "मुळात आत्याच नाही मला. तुझी गोळी बंद होऊ नये म्हणून..."

"ते मले पयलेपासून माहीत हाय. तसं नाही. परवा भेटल्या मले, स्टँडवर. रसवंतीवर रस पिऊन राहिल्या होत्या. गोळी घेतं ना, म्हने. म्हटलं, घेतो. मंग म्हने..." तिनं चपलेचा पट्टा ओढला. "म्हने, तुह्या सराले इचार, झोपत काहून नाही थो? आन् त्या दिवशी न्हानीत पडला तं बायकोले खोटं काहून सांगतलं?"

त्याच्या आदल्या आठवड्यात मला फिट आली होती. कित्येक वर्षांनी, सकाळी, बाथरूममध्ये. आतून कडी होती. मीनलला सांगितलं, पाय घसरला. डॉक्टरला सांगितलं नाही, आपांना सांगितलं नाही. गोळी घेत होतो, झोपत नव्हतो. ग्रुपवर लोकांचे मेसेज येत राहायचे आणि मी उत्तरं देत राहायचो. सगळ्यांना धीर देणाऱ्या ॲडमिनला फिट आली हे सांगायची मला भीती वाटली. हे त्या बाथरूमच्या चार भिंतींशिवाय कोणालाही ठाऊक नव्हतं.

वैष्णवी गेली.  मग स्वयंपाकघरात जाऊन मीनलला सगळं सांगितलं, घसरलो नव्हतो हेही. ती आधी रडली, मग इतकी चिडली की भजी जळली. मग तिनं माझ्या हातातून मोबाईल काढून घेतला. "जा, झोप," म्हणाली. "ग्रुपचं मी बघते."

"अगं, संध्याकाळचे सात वाजलेत..."

"झोप!"

तेव्हापासून ग्रुप मीनल चालवते. ज्या पुणेकर सदस्याला माझा सूर दरडावल्यासारखा वाटायचा, त्याला आता मी आठवतो म्हणे. डॉक्टरांनी माझी गोळी थोडी बदलली. त्या दिवसापासून फिट नाही.

बाईचं काय, ते मला माहीत नाही. सगळ्या शक्यता मांडून बघितल्या. शेजारीण, योगायोग, माझ्याच मेंदूतला बिघाड, वैष्णवीची थाप... प्रत्येक ठिकाणी एक पायरी राहतेच. फोटो अजून माझ्याकडे आहे, इथे टाकत नाही, नाहीतर उद्या परत हरवलेल्या आजी म्हणून फिरायला लागेल. तुमच्यापैकी कोणी खुलासा करू शकलं तर जरूर करा, मी वाचीन आणि चुका काढीन.

फक्त एक विनंती. यातला मी कोण हे कोणी ओळखलं असेल, तर दिगांबरभाऊंना काही सांगू नका. त्यांच्या लेखी माझी आत्या वारली. आणि त्यांची पोट्टी आता सासरी आहे, सासू तिला स्वतः विचारते, आणि ती रोज 'घेतली' लिहिते.